जर्मन जोडशब्दाची व्युत्पत्ती कशी शोधावी

हातमोज्याला जर्मन भाषेत 'हांटशू' म्हणतात, म्हणजे अक्षरशः 'हाताचा बूट', हे कळल्यावर पुण्यातल्या जर्मनच्या कोणत्याही नव्या वर्गात हशा पिकतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारा असो की बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात, प्रत्येकाला हा शब्द लवकरच भेटतो आणि जर्मन लोक शब्दाला शब्द कसा चिकटवतात याचा नमुना म्हणून पुढे घरोघरी सांगितला जातो. आपल्या 'हातमोज्या'तला 'मोजा' फारसीतून आलेला आहे आणि फारसीत त्याचा अर्थ बूट असाही होतो, म्हणजे हसणारा मराठी माणूसही हातात बूटच घालत आला आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आपल्या भाषेतला सांधा आपल्याला दिसत नाही, परक्या भाषेतला चटकन दिसतो, आणि जो चटकन दिसला तोच खरा असे आपण धरून चालतो. जर्मन जोडशब्दाची व्युत्पत्ती शोधताना पहिली सावधगिरी इथेच बाळगायची असते, कारण आज दिसणारा सांधा हा आज बोलणाऱ्यांचा असतो. शब्द जन्मला तेव्हाही तो तिथेच होता असे नाही.

पद्धत समजावण्यासाठी मी एकच शब्द शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे, तो म्हणजे 'माउलवुर्फ'. युरोपातल्या बागांमध्ये जमिनीखाली बोगदे खणून वर मातीचे ढीग उभे करणाऱ्या, मखमली काळ्या केसांच्या, बारीक डोळ्यांच्या एका छोट्या प्राण्याचे हे नाव आहे. शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षे दडून राहणाऱ्या हेरालाही जर्मनमध्ये हाच शब्द लावतात. 'माउल' म्हणजे जनावराचे तोंड आणि 'वुर्फ' म्हणजे फेक. मी ज्या वर्गात शिकलो तिथल्या टंकलिखित टिपणात 'तोंडाने माती फेकणारा' असा अर्थ दिलेला होता. तो मी पाठ केला आणि पुढे स्वतः शिकवू लागल्यावर काही वर्षे बिनदिक्कत फळ्यावर लिहिलाही. तो अर्थ मूळचा नाही, आणि तो मूळचा नाही हे शोधून काढण्यासाठी काय काय करावे लागते तेच इथे सांगायचे आहे.

सुरुवात वहीने करावी. शब्द वहीत रोमन लिपीत, त्याच्या प्रमाण जर्मन लेखनानुसार उतरवून घ्यावा, कारण देवनागरीत उच्चार बऱ्यापैकी सांभाळला जातो पण कोशात शोधण्यासाठी लागणारा लेखनातला भेद हरवतो. जर्मन 'व्ही' पुष्कळदा 'फ' उच्चारला जातो, 'झेड'चा उच्चार 'त्स' होतो, आणि शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'ड' बोलताना 'ट' होतो. म्हणून नुसत्या ऐकण्यावर विसंबून कोश उघडला तर निम्मा वेळ चुकीच्या पानावर जातो.

त्यानंतर विग्रह करावा. शाळेत संस्कृत घेतलेल्या पुणेकराला इथे आयती शिदोरी मिळते, कारण जोडशब्दांचे वर्णन करताना जर्मन भाषाशास्त्रज्ञ स्वतःच 'बहुव्रीहि' आणि 'द्वंद्व' हे शब्द वापरतात. हे ऋण उगाच चढलेले नाही. मार्टिन हाउग हे जर्मन विद्वान १८५९ पासून पुण्यात संस्कृतच्या अध्यापनाची जबाबदारी सांभाळत होते, आणि त्यांच्यानंतर १८६६ पासून १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात फ्रान्त्स कीलहॉर्न या दुसऱ्या जर्मन विद्वानांनी संस्कृत शिकवले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी केलेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. असो. जर्मन जोडशब्दात शेवटचे पद प्रधान असते, लिंग आणि अनेकवचन तेच ठरवते, आणि उच्चारातला मुख्य आघात मात्र बहुधा पहिल्या पदावर पडतो. 'हाउस' नपुंसकलिंगी आणि 'ट्यूर' म्हणजे दार स्त्रीलिंगी, म्हणून 'हाउसट्यूर' स्त्रीलिंगी. आपल्याकडे 'देवघर' नपुंसकलिंगी आणि 'राजवाडा' पुल्लिंगी होतो तो याच न्यायाने. 'रोटकेलशेन' हा पक्षी मात्र बहुव्रीहि आहे: लाल कंठ असा नव्हे, तर लाल आहे कंठ ज्याचा तो.

हा नियम जिथे मोडतो तिथे थांबून पाहावे, कारण बहुतेक वेळा खजिना तिथेच पुरलेला असतो. बुधवारला जर्मनमध्ये 'मिटवॉख' म्हणतात. 'मिट' म्हणजे मधला आणि 'वॉखे' म्हणजे आठवडा. 'वॉखे' स्त्रीलिंगी असूनही 'मिटवॉख' आज पुल्लिंगी आहे, कारण बाकीच्या बहुतेक वारांच्या शेवटी 'टाग' म्हणजे दिवस हे पुल्लिंगी पद येते आणि त्या पंगतीत बसल्यामुळे याचेही लिंग बदलले. मुळात या वाराला वोडान या देवाचे नाव होते, इंग्रजीत ते अजून टिकून आहे. जर्मनमध्ये मात्र चर्चच्या लॅटिनमधल्या 'आठवड्याचा मध्य' या शब्दावरून नवे नाव घडवण्यात आले. गुरुवारचा जुना देव मात्र शाबूत राहिला. 'डोनर्सटाग' म्हणजे गडगडाटाचा देव डोनार याचा दिवस, आणि तो लॅटिनमधल्या ज्युपिटरच्या दिवसाचा अनुवाद आहे. आपला गुरुवारही त्याच ग्रहाचा, बृहस्पतीचा. एकाच ग्रहमालिकेवरून दोन्हीकडे वार पडले आहेत, पण म्हणून 'गुरु' आणि 'डोनार' हे शब्द एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत.

विग्रह करताना सांध्यात अडकलेल्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नये आणि त्याच्यावर फार विश्वासही ठेवू नये. 'आर्बाइट्सत्सिमर' म्हणजे कामाची खोली. यातला 'स' षष्ठीचा वाटतो, पण 'आर्बाइट' हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याच्या षष्ठीला 'स' लागतच नाही. इतर शब्दांत रूढ झालेला सांधा इथे नुसता सवयीने आला आहे. उलट 'फ्राउएनकिर्शे' या चर्चच्या नावात 'फ्राउएन' पाहून आजचा विद्यार्थी 'बायकांचे चर्च' असे भाषांतर करतो, पण हे 'एन' जुन्या एकवचनी षष्ठीचे आहे आणि ते चर्च एकाच स्त्रीचे, मेरीमातेचे आहे. आपला घोडेस्वार एकाच घोड्यावर बसतो, 'घोडे' असे रूप दिसते म्हणून त्याच्याखाली दोन घोडे कोणी शोधत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

आता मुख्य काम. विग्रह झाला की अर्थ लावण्याची घाई होते. ती आवरून आधी शब्दाचे सर्वांत जुने सापडणारे रूप पाहावे. ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये हाती घेतलेल्या महाकोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला, 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या नोंदीवर काम चालू असताना १८६३ मध्ये याकोब ग्रिम वारले, आणि कोश पुरा व्हायला १९६१ उजाडले. तो आज संगणकावर विनामूल्य पाहता येतो. व्युत्पत्तीपुरते पाहायचे तर फ्रीडरिश क्लूगे यांचा १८८३ पासून पुन्हा पुन्हा सुधारून निघत आलेला कोश आणि वोल्फगांग फायफर यांचा १९८९ चा कोश हे दोन आधार पुरेसे आहेत. फायफरांचा कोश बर्लिनच्या अकादमीच्या डिजिटल जर्मन शब्दकोशात समाविष्ट असल्याने सदाशिव पेठेतल्या खोलीत बसूनही तो वाचता येतो. नोंदीत जर्मनच्या तीन जुन्या अवस्थांचे संक्षेप सतत येतात: जुनी उच्च जर्मन साधारण ७५० ते १०५०, मध्य उच्च जर्मन १०५० ते १३५०, आणि त्यानंतर सुमारे १६५० पर्यंतची आरंभीची नवी उच्च जर्मन. रूपाच्या आधी तारा दिसला तर ते रूप कुठल्याही हस्तलिखितात आढळलेले नसून तुलनेने बांधलेले आहे असे समजावे, आणि वहीत उतरवताना तो तारा गाळू नये. मी सुरुवातीला तारे गाळत असे आणि मग कोणते रूप कुणीतरी खरोखर लिहिले होते व कोणते विद्वानांनी अनुमानाने उभे केले होते हे मलाच कळेनासे होई.

'माउलवुर्फ'ची नोंद अशी उघडली की टिपणातला अर्थ एका क्षणात कोसळतो. जुन्या उच्च जर्मनमध्ये या प्राण्याला 'मूवेर्फ' म्हणत, आणि त्यातला 'मू' म्हणजे तोंड नव्हे, तर ढीग. गवताच्या गंजीसाठी इंग्रजीत उरलेला 'मो' हा शब्द त्याचाच भाऊ. 'वेर्फ' हे 'वेर्फेन' म्हणजे फेकणे या धातूपासून झालेले कर्तृवाचक पद आहे, म्हणून 'फेक' नव्हे, 'फेकणारा'. म्हणजे हा ढीग टाकणारा प्राणी. पुढे ढीग या अर्थाचा 'मू' बोलण्यातून गेला, लोकांना तो कळेना, आणि त्याच्या जागी 'मोल्टे' म्हणजे भुसभुशीत माती हा शब्द येऊन 'मुल्टवुर्फ', 'मोल्टवेर्फ' अशी रूपे तयार झाली. जुन्या इंग्रजी बोलींतला 'मोल्डवार्प' याच मातीचा. मग 'मोल्टे'ही रोजच्या वापरातून उतरला, तेव्हा बोलणाऱ्यांनी जवळचा ओळखीचा शब्द पकडला, तो 'मूल' म्हणजे तोंड. ढीग टाकणारा, माती टाकणारा, तोंडाने टाकणारा अशी ही तीन पिढ्यांची वाटचाल आहे आणि प्रत्येक पिढीने आपल्याला न कळलेला तुकडा बदलून टाकला आहे.

अशा बदलाला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाव पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हे स्पष्टीकरण मी बेकरीच्या रांगेत इतक्या आत्मविश्वासाने ऐकले आहे की सांगणाऱ्याला पोर्तुगीज 'पांव' म्हणजे भाकरी हे सांगण्याचे धाडस झाले नाही. पुण्यात तर डुल्या मारुतीपासून पासोड्या विठोबापर्यंत प्रत्येक देवाच्या नावामागे एखादी कथा तयार असते. कथा रंगतदार आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, पण खरीही ठरत नाही; नाव आधी कुठे लिहिलेले सापडते हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जर्मनमध्ये याच वाटेने घडलेले शब्द थोडेथोडके नाहीत. कॅरिबियन बेटांवरच्या झुल्याचा 'हामाका' हा शब्द स्पॅनिशमधून डचमध्ये जाऊन 'हांगमाट' झाला आणि जर्मनमध्ये 'हेंगेमाटे', म्हणजे जणू टांगलेली चटई. शब्द इतका चपखल बसला की तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. 'मुर्मेलटीअर' हा डोंगरी प्राणी पुटपुटतो म्हणून त्याला ते नाव पडले असे वाटते, पण मुळात तो लॅटिनमधला 'डोंगरातला उंदीर' आहे.

याच्या उलट, काही शब्दांत सांधा दिसतच नाही आणि तरी तो असतो. 'वेल्ट' म्हणजे जग. हा शब्द जुन्या उच्च जर्मनमध्ये 'वेराल्ट' होता, 'वेर' म्हणजे माणूस आणि पुढच्या पदाचा अर्थ आयुष्य, युग. म्हणजे जग हे मुळात स्थळ नसून माणसाचा काळ होता. 'मेसर' म्हणजे सुरी, पूर्वी 'मेत्सिसाह्स', अर्थात अन्नाची सुरी. 'मातृगृह' झिजत झिजत 'माहेर' झाले, 'देवकुला'चे 'देऊळ' झाले, तसेच हे घडले. म्हणून एखादा जर्मन शब्द छोटा आणि अखंड वाटला तरी त्याचे जुने रूप एकदा उघडून पाहावे. तसेच 'हिमबेरे' या फळाच्या नावातला 'हिम' किंवा 'ब्रोमबेरे'तला 'ब्रोम' आज स्वतंत्रपणे कुठे भेटत नसला तरी तो निरर्थक नाही. पहिला हरिणीचा आणि दुसरा काटेरी झुडपाचा. इथे मराठी वाचकाला बर्फ आठवतो, हा निव्वळ योगायोग आहे.

योगायोगाचा विषय निघालाच आहे तर ध्वनींची तपासणी कशी करावी तेही सांगतो, कारण संस्कृत येणारा माणूस याच ठिकाणी सर्वांत जास्त घसरतो. नाते सारखेपणावर नव्हे, तर नियमित फरकावर सिद्ध होते. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमांनुसार संस्कृत 'प' जिथे असतो तिथे जर्मन 'फ' यायला हवा: 'पितृ' आणि 'फाटर', 'पाद' आणि 'फूस'. संस्कृत 'द' जिथे असतो तिथे जर्मन 'त्स': 'दंत' आणि 'त्सान', 'दश' आणि 'त्सेन'. कानाला 'हंस' आणि 'गान्स' ही जोडी लांबची वाटते पण ती अस्सल आहे. आता 'मेअरकाट्से' घ्या. हे एका जातीच्या माकडाचे नाव आहे, 'मेअर' म्हणजे समुद्र, 'काट्से' म्हणजे मांजर, आणि आपल्या मनात लगेच 'मर्कट' हा शब्द उडी मारून येतो. हा दुवा पूर्वी सुचवलाही गेला आहे. पण वारशाने आलेला शब्द इतका जसाच्या तसा राहिला नसता, आणि उसना घेतला असेल तर तो कोणत्या भाषेतून, कोणत्या मुक्कामांवरून गेला ते दाखवावे लागेल. ते दाखवता येत नाही. शिवाय जुन्या उच्च जर्मनमधले 'मेरिकात्सा' हे रूप समुद्रापलीकडून आलेले मांजरासारखे जनावर एवढ्या अर्थाने नीट उभे राहते. म्हणून वहीत 'मर्कट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह करावे, आणि गप्पांमध्ये ते प्रश्नचिन्ह गळू देऊ नये.

ध्वनिनियम जोडशब्दाच्या पोटातली दुरुस्तीही पकडून देतात, हे मला फार उशिरा उमगले. जुन्या जर्मनमधला दीर्घ 'ऊ' आज 'आउ' झाला आहे: 'हूस'चे 'हाउस', 'मूस'चे 'माउस' (आणि हा 'मूस' आपल्या मूषकाचा सख्खा नातलग). 'मूल'चे 'माउल' झाले तेही याच नियमाने. त्याचप्रमाणे दीर्घ 'ई'चा 'आय' झाला. आता 'फ्रीडहोफ' हा स्मशानभूमीसाठीचा शब्द पाहा. 'फ्रीडे' म्हणजे शांती, 'होफ' म्हणजे अंगण, म्हणून शांतीचे अंगण हा अर्थ इतका शोभतो की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण जुने रूप 'फ्रीटहोफ' असे दीर्घ 'ई'चे आहे, त्याचा अर्थ कुंपण घातलेले, संरक्षित आवार, आणि नियमाप्रमाणे त्याचे आज 'फ्रायटहोफ' व्हायला हवे होते. बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडच्या बोलीत ते तसे सापडतेसुद्धा. प्रमाण भाषेत स्वर चुकला आहे आणि तो 'फ्रीडे'च्या ओढीने चुकला आहे. एका स्वरावरून चोरी पकडली जाते ती अशी.

शेवटी वस्तू पाहावी. माउलवुर्फ माती उकरतो ती पुढच्या रुंद, फावड्यासारख्या पंजांनी, तोंडाने नव्हे. हे मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातले चित्र पाहून आधीच ताडायला हवे होते. मात्र वस्तूची साक्षही डोळे मिटून मानू नये, कारण वस्तू बदलली तरी नाव मागे राहते. 'ब्लायश्टिफ्ट' म्हणजे शिशाची कांडी, आपण म्हणतो शिसपेन्सिल. आत शिसे नाही, ग्रॅफाइट आहे, आणि ग्रॅफाइट हा कार्बनचाच प्रकार असल्याचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ मध्ये दाखवले, तरी दोन्ही भाषांनी शिसे सोडलेले नाही. पुण्यातल्या, आज लाकडाच्या न उरलेल्या लकडी पुलावरून रोज जाणाऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये. 'साउअरश्टोफ' म्हणजे आम्लद्रव्य हे ऑक्सिजनचे नाव तर चुकीच्या समजुतीवरच उभे आहे: प्रत्येक आम्लात हा वायू असतो असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांना वाटले, त्यांनी ग्रीकवरून तसे नाव घडवले, आणि जर्मनांनी त्याचा पदशः अनुवाद केला. असा शब्द भेटला की त्याची व्युत्पत्ती जर्मनमध्ये शोधून भागत नाही. साचा कुणाचा आहे ते विचारावे लागते.

सापडलेले सगळे एका चिठ्ठीवर मावले पाहिजे. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाच्या कामात अशाच चिठ्ठ्यांचा साठा केलेला आहे, सुमारे एक कोटी, आणि शब्द कोणत्या ग्रंथात कोणत्या ठिकाणी आला याचा दाखला ही त्या कामाची पायाभूत शिस्त आहे. माझी चिठ्ठी त्यामानाने गरीब असते. 'माउलवुर्फ'च्या चिठ्ठीवर वर शब्द आणि लिंग, त्याखाली जुने ते नवे अशा क्रमाने रूपे, प्रत्येक रूपापुढे काळ आणि कोशाचे नाव, डाव्या कडेला 'ढीग, माती, तोंड' असे तीन शब्द, आणि उजव्या कोपऱ्यात माझे जुने 'तोंडाने माती फेकणारा' हे लाल शाईने खोडलेले, पण वाचता येईल असे. ते मी मुद्दाम पुसलेले नाही. विद्यार्थी विचारतात, तेव्हा दाखवायला बरे पडते.

स्वतः करून पाहायचे असेल तर 'आर्मब्रुस्ट' घ्यावा. 'आर्म' म्हणजे हात, 'ब्रुस्ट' म्हणजे छाती, आणि वस्तू आहे एक यांत्रिक धनुष्य, जे हाताने ताणतात आणि छातीजवळ धरतात असे कोणीही सांगेल. दोन्ही पदे खणखणीत जर्मन दिसतात. नोंद उघडल्यावर तुम्हाला पोहोचायचे आहे ते लॅटिनमधल्या 'आर्कुबालिस्टा'पाशी. मधली रूपे कोणती, आणि हात आणि छाती नेमकी कोणत्या रूपात आत शिरली, ते चिठ्ठीवर क्रमाने उतरवून काढावे.